साळुंकीचे डोळे

संचालकांनी भुसा भरलेली साळुंकी कपाटातून काढली आणि टेबलावर जवळजवळ आपटलीच.

"फिक्या पंखांची साळुंकी ही. तीस वर्षं आपल्या संग्रहालयात आहे. डोळे बघा, काळे. बाई, तुमच्या फोटोतली नारिंगी डोळ्यांची. म्हणजे तुमची वेगळी, साधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बोडक्या, खडकाळ कड्यावर दोन वर्षं उन्हात रापून तिने एकेक घरटं मोजलं होतं. ही दुर्मीळ साळुंकी तिथे राहते हे आज पटलं नाही, तर उद्या खाणवाले सुरुंग लावून मोकळे. आणि खरं होतं नेमकं उलटं: नारिंगी डोळ्यांचीच दुर्मीळ, काळ्या डोळ्यांची पैशाला पासरी. पण पक्षी मेला की डोळ्यांचा रंग कुठला उरायला? भुसा भरणारा काचेचे डोळे बसवतो. हे बसवणारा कारागीर होता तिचा बाप, आणि तो समोरच बसला होता. मुद्दाम बोलावून आणलेला. ती त्याचा धंदा सोडून जिवंत पाखरांमागे गेली, तेव्हापासून नऊ वर्षं त्याने लेकीशी अबोला धरला होता.

डोळे बरोबर आहेत का, असं संचालकांनी त्यालाच विचारलं. म्हाताऱ्याने साळुंकी हातात घेतली, डोळ्यावरून अंगठा फिरवला. त्याच्या हातून कधी चूक होत नाही अशी त्याची ख्याती, आणि ती त्याला जिवापेक्षा प्यारी.

"चुकलेत," तो म्हणाला. "नारिंगी हवे होते. पण मी नाही बसवले. हिने बसवले. दहा वर्षांची होती. तेव्हाही धांदरटच."

कोणीतरी फिसकन हसलं. धडधडीत खोटं! डोळ्यांच्या डबीला तिने कधी बोट लावलं नव्हतं. किल्ली कायम बापाच्या कमरेला. तिच्या जिभेवर आलं होतं सगळं. पण ती खरं बोलली असती, तर हा माणूस फिरला असता. डोळे बरोबरच आहेत म्हणाला असता आणि मेला तरी शब्द मागे घेतला नसता.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं."

संचालकांनी नाक मुरडत कागद पुढे सरकवला. तिने चूक लिहून दिली, खाली सही केली. कड्यावरची साळुंकी दुर्मीळच ठरली आणि सुरुंगाची परवानगी रद्द झाली.

म्हातारा उठला, तिच्याकडे न बघता दारापर्यंत गेला आणि संचालकांकडे वळला.

"नारिंगी डोळे घरी आहेत. उद्या येऊन बसवतो," तो म्हणाला. "हिला हात लावू देऊ नका."