गंधकाची सोयरीक

रविवारी सकाळपासून कासियान नुसता न्हात होता. पाइनच्या साबणाची अख्खी वडी विरघळली. दुपारी फिलोमेनाच्या घरी जेवायला जायचं होतं, तिला मागणी घालायला, आणि तिचे वडील, विटुसकाका, तर गावभर सांगत सुटले होते, "ते सडकं अंडं माझा जावई? शक्य नाही!"

कासियानचं घराणं डोंगरातला काळा दगड भट्टीत भाजून तेल काढणारं. सांधेदुखीवर तेल रामबाण, पण वास असा की चर्चमध्ये त्याच्या शेजारचा बाक कायम रिकामा. फिलोमेना इन्सब्रुकला गाळाच्या खडकांचा अभ्यास करी. उन्हाळ्यात नमुने न्यायला आली, आणि दगडांबरोबर याचं काळीजही पिशवीत घालून गेली.

काकूंनी सूप वाढलं. कासियानने चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला. तोच वास!

"म्हटलं नव्हतं मी?" विटुसकाका जरा जास्तच जोरात ओरडले.

"शपथेवर सांगतो काका, न्हालोय मी!" बिचारा स्वतःच्या बाह्या हुंगू लागला. नुसता पाइन.

"मग जात कसा नाही हा वास?"

"जाईल कसा, बाबा?" फिलोमेना हसत म्हणाली. "अठरा कोटी वर्षं टिकलाय. तेव्हा इथे समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी हवाच नव्हती. चिखलातले जीवाणू खाऱ्या पाण्यातल्या क्षारांपासून हा गंधकाचा सडका वायू करायचे. गंधकाची खरी ओढ लोखंडाकडे, पण चिखलात लोखंड होतं कुठे पुरेसं? मग त्याने मेलेल्या शेवाळाच्या चरबीचा हात धरला. वर गाळ चढला, चिखलाचा दगड झाला, दगडाचा डोंगर झाला, तरी सोडला नाही. भट्टीत भाजा, तेलातही दोघं बरोबरच."

बोलता बोलता ती हुंगत हुंगत टेबलाखाली वाकली. "बाबा, पँट वर करा बघू."

काकांचा गुडघा तेलाने काळा कुळकुळीत चमकत होता!

"म्हणून काल नाचत होतात होय!" काकू किंचाळल्या. कासियानला हसू आवरेना, सूप नाकात गेलं.

काका लालबुंद झाले. मग त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाले, "आणि तुला उद्या एखादं लोखंड भेटलं तर?"

हसू थांबलं. "अठरा कोटी वर्षांचं नाही सांगता येणार, काका," कासियान म्हणाला. "मी आहे तोवर सोडणार नाही."

काकांनी गुडघा चोळला.

"बाटली संपत आलीय," ते पुटपुटले. "पुढच्या रविवारी येताना घेऊन ये. आणि तो साबण लावू नकोस, जावईबापू. डोकं उठलंय माझं."