शेषरावाचं बेट

शेषराव तारऑफिसात कारकून. त्र्याहत्तर साली त्याची बदली झाली ती थेट पोर्ट ब्लेअरला. केनवडच्या त्यांच्या बौद्धपुऱ्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. हा तर बायको पंचफुला आणि आई भागिरथा यांना घेऊन समुद्रापार गेला. तीन वर्षांनी परत आला तेव्हा गावानं नावच पाडलं, बेटवाला शेषराव.

तिथं असताना एकदा सुट्टीत तो घरच्यांना घेऊन सरकारी बोटीनं बेटं बघायला निघाला होता. तीच गोष्ट तो रंगवून सांगायचा. "बेटावर पाय ठेवला, तं रेती कशी? जवारीच्या पिठावानी!"

पंचफुला चुलीपाशी बसून ऐकायची. पिठाची गोष्ट तिनंच त्याला सांगितली होती. शेषराव त्या बेटावर उतरलाच नव्हता. बोट धक्क्यापासून सुटली तशी त्याला ज्या उलट्या लागल्या, त्या परत येईपर्यंत. तो लिंबू हुंगत आडवा पडून राहिला आणि सासू-सुना लहान होडीतून बेटावर गेल्या. भागिरथेनं कपाशीचं रान जोखावं तशी अंगठ्यानं जमीन उकरून पाहिली, "येच्यात पऱ्हाटी येत नाही बाई," म्हणाली आणि सावलीत बसून भाकर सोडली. पंचफुला मात्र अर्धा दिवस एकटी किनाऱ्यानं हिंडली. बोटीवर परतल्यावर तिनं सारं नवऱ्याला सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

आता तो ते आपलं म्हणून सांगे, तरी तिला राग नव्हता. नवऱ्याचं नाव होतंय, आपलं काय गेलं?

मग इंद्रभान गुरुजींनी त्याचं शाळेत भाषण ठेवलं. भाषण झकास झालं. शेवटी गुरुजींनी मागं बसलेल्या पंचफुलेला विचारलं, "वहिनी, तुमीबी उतरल्या होत्या नं बेटावर?"

ती पदर सावरून उठली. तेवढ्यात शेषरावच हसला. "ती कुठची उतरते गुरुजी! उलट्या करकरून पडली होती बिचारी. लिंबू हुंगत."

सारी शाळा हसली. पंचफुला खाली बसली.

आठ दिवस तिनं तो विषय काढला नाही. नवव्या दिवशी शिरपूरच्या शाळेचं बोलावणं आलं आणि शेषराव तिच्यापाशी येऊन बसला.

"आनखी काही आठवते काय वं? तेच तेच सांगून राह्यलो मी."

पंचफुला तूर निवडत होती. "आठवते नं. तिथच्या बाया नारळ कपाळावर फोडतात. एका झटक्यात."

"कपाळावर!"

"अन् तिथचा खेकडा. कुत्र्याएवढा. सरसर झाडावर चढते अन् नारळ सोलून खाते."

त्यानं दोन्ही गोष्टी कागदावर उतरवून घेतल्या.

शिरपूरहून तो संध्याकाळच्या एस.टी.नं परतला तो तोंड पाडून. कपाळावरच्या नारळाला टाळ्या पडल्या होत्या. एक मास्तर तर स्वतःचं कपाळ चाचपून बघत होता. पण खेकडा झाडावर चढला आणि आधी पोरं, मग मास्तर, शेवटी हेडमास्तरही पोट धरून हसायला लागले. "साहेब, खेकडा हाय का वांदर?" मागून कोणीतरी ओरडलं. शेषराव चहासुद्धा न घेता निघाला.

"काहून मले असं सांगायले लावलं?" तो घरात येताच कडाडला. "खोटं बोलाले लाज नाही वाटली?"

"खेकडा खरा हाय. मी माह्या डोयानं पाह्यला."

"अन् कपाळ?"

"ते मी जोडलं."

कोपऱ्यातल्या बाजेवरून भागिरथा म्हणाली, "खेकडा तं मीबी पाह्यला. चांगला गलेलठ्ठ होता."

त्यानंतर शेषरावानं बेटाचं नाव सोडलं. कोणी फारच मागं लागलं तर सरळ सांगे, "तिले इचारा. तीच उतरली होती. मी तं उलट्या करून राह्यलो होतो."

हे ऐकून गाव अधिकच भारावलं. बायकोचा मान राखण्यासाठी उलट्या स्वतःच्या अंगावर घेणारा असा दिलदार माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही, असं गुरुजी वर्गात सांगू लागले.