साबण लावलेला गज

सकाळच्या तालमीला रेमिहिया नेहमीसारखी मागच्या दारानं आली. तोंदो वस्तीतल्या त्या नाटकगृहाला पुढचं दारही होतं, पण गेल्या चार वर्षांत तिला कुणी तिथून आत येताना पाहिलं नव्हतं. रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात डाव्या कोपऱ्यात एक लाकडी खांब होता. त्या खांबाआड तिची खुर्ची. तिथून तिला रंगमंच दिसत नसे, फक्त वाद्यवृंद चालवणाऱ्या माएस्त्रो ओनोरातोंचा हात दिसे, आणि तेवढं तिला पुरे होई.

पुढच्या खुर्चीवर, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, माएस्त्रोंचा मुलगा सेल्सो बसत असे. देखणा पोरगा, केस चापूनचोपून बसवलेले. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेलं असे: पहिलं व्हायोलिन, सेल्सो लाक्सामाना. त्याच्या व्हायोलिनच्या गजाला राळेऐवजी साबण चोळलेला असायचा. गज तारांवरून झोकात फिरायचा आणि आवाज म्हणून यायचा नाही. आवाज यायचा खांबाआडून. सारसुएला, म्हणजे आमचं संगीत नाटक, बघायला आलेल्या बायका नायिकेच्या विरहाला डोळे पुसत आणि टाळ्या सेल्सोला देत.

"आज तुझा हात जरा जड वाटतोय, सेल्सो," मोठं बास व्हायोलिन वाजवणारा म्हातारा इस्को म्हणाला; सगळे त्याला आदरानं मांग इस्को म्हणत. "काल साबण स्वस्तातला आणलास का?"

सगळे हसले. सेल्सोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पोरगा वाईट नव्हता. लहानपणी त्यालाही व्हायोलिन शिकवायला घेतलं होतं, पण काही केल्या जमलं नाही. आणि बापाच्या घरी न जमणं चालत नव्हतं.

रेमिहिया कोण, हे त्या नाटकगृहात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची आई लिआंद्रा कपडेपटात शिवणकाम करायची. एकोणीस वर्षांपूर्वी, माएस्त्रोंचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, हे मूल झालं. बाप्तिस्म्याच्या दिवशी माएस्त्रो स्वतः चर्चमध्ये आले. पाद्रींनी वहीत 'वडील अज्ञात' असं लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत माएस्त्रो मेणबत्ती धरून शेजारीच उभे होते, मुलीचे निनोंग, म्हणजे धर्मपिता, म्हणून. बापानं धर्मपिता व्हायचं, ही आमच्याकडची जुनी सोय. त्यानं मुलाला शिकवता येतं, सणाला भेट देता येते, डोक्यावर हात ठेवता येतो. फक्त नाव देता येत नाही. लोकही या सोयीचं कौतुक करतात. "निदान टाकलं तर नाही ना पोरीला," असं म्हणतात.

दुपारी माएस्त्रो कपडेपटात आले. लिआंद्रानं शिवणाचं यंत्र थांबवलं आणि ती उठून उभी राहिली.

"उद्या ग्रामोफोनची तबकडी भरायची आहे," ते म्हणाले. "विलायतेची कंपनी आलीय, हॉटेलात यंत्र लावलंय. दुसऱ्या अंकातलं एकट्या व्हायोलिनचं घ्यायचं ठरलंय. रेमिहिया, तूच वाजवायचंस."

आईशेजारी बसलेली रेमिहिया उठली. "कर्ण्यासमोर? मी?"

"कर्ण्यापासून हातभर अंतरावर उभं राहिल्याशिवाय व्हायोलिन मेणाच्या चकतीवर उमटतच नाही म्हणे. खांब नाही तिथं." ते थोडं हसले. "यंत्र पडद्यामागं असतं. यंत्रवाल्यांना कुणी दिसत नाही. आधी वाजवणाऱ्यानं कर्ण्यात आपलं नाव सांगायचं असतं, नाहीतर तिकडच्या कारखान्यात तबकड्यांची सरमिसळ होते. नाव सेल्सो सांगेल आणि बाजूला होईल."

"का, निनोंग?"

"का म्हणजे? तबकडी घरोघरी जाणार. माझ्याही घरी जाणार. माझ्या बायकोनं, दोन्या त्रिनिंगनं, काय ऐकायचं मग?"

"वाजवेल ती," लिआंद्रा घाईघाईनं म्हणाली. "वाजवेल, माएस्त्रो. तुम्ही काळजी करू नका."

ते गेल्यावर लिआंद्रा पुन्हा यंत्रापाशी बसली. मग रेमिहिया आईला म्हणाली, "नानाय, नाटकात वाजवलेलं हवेत जातं. कुणी वाजवलं ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी सोसलं. तबकडी राहते. मी मेल्यावरसुद्धा ते सेल्सोचंच राहील."

"दुसरीकडे कोण वाजवायला देईल तुला? कुणाची कोण म्हणून जाशील?" लिआंद्रानं सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलची ती खोली भट्टीसारखी तापलेली. आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या. समोर पडद्यातून पितळी कर्ण्याचं तोंड बाहेर आलेलं, मागं गोरा यंत्रवाला आणि कंपनीचा एजंट. तरण्या पोरीला एकटीला हॉटेलात कसं पाठवायचं, म्हणून लिआंद्राही आलेली; ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

पडद्यामागून घंटी वाजली. सेल्सो कर्ण्यापाशी गेला, स्वच्छ आवाजात म्हणाला, "सेल्सो लाक्सामाना, व्हायोलिन," आणि बाजूला झाला. माएस्त्रोंचा हात खाली आला. वाद्यांनी चार मात्रांची सुरुवात केली. रेमिहिया पुढे झाली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. तिची जागा आली. तिनं गज उचललाच नाही.

मागची वाद्यं थोडा वेळ चालत राहिली, मग एकेक करून थांबली. मेणाची चकती मात्र फिरत होती.

एजंट पडदा सारून बाहेर आला. "व्हायोलिन कुठं गेलं? खाली दुसरी मंडळी येऊन बसलीय. दहा मिनिटं देतो, नाहीतर त्यांना घेतो." नाव पुरुषाच्या आवाजात ऐकलं होतं, म्हणून तो सेल्सोकडे वळला. "तुम्हीच ना? वाजवा बघू, कुठं अडतंय ते पाहू."

सेल्सोनं बापाकडे पाहिलं. बापानं नजर चुकवली. सेल्सोनं सवयीनं गज तारांवर ठेवला आणि ओढला. काहीच आलं नाही. एजंटनं गजावरून बोट फिरवलं, वास घेतला, आणि चक्रावून म्हणाला, "साबण?"

मांग इस्को आपल्या बुटांकडे बघत होता.

"मग वाजवतंय कोण?"

"ही," माएस्त्रो म्हणाले. "ही माझी धर्मकन्या. पण नाव सेल्सोचंच राहू द्या. तसं आमच्यात ठरलंय."

"धर्मकन्या नाही."

आवाज दाराकडून आला. लिआंद्रानं दोन्ही हात झग्याच्या घोळात घट्ट गुंडाळले होते. "एकोणीस वर्षं मी गप्प बसले. पोरीचं भलं होईल म्हणून बसले. ती पोटची आहे. माझ्या, आणि यांच्या. इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मांग इस्को, तुम्हाला नाही ठाऊक?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "ठाऊक आहे, बाई," तो म्हणाला.

"लिआंद्रा," माएस्त्रो म्हणाले, आणि तिच्या दिशेनं निघाले.

एजंटला या भानगडीत रस नव्हता. त्यानं घड्याळ पाहिलं. "जी वाजवते तिनं नाव सांगावं. मेण लावतोय."

घंटी वाजली. रेमिहिया कर्ण्यापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, ती बापाचं आडनाव घेणार. माएस्त्रोंनी तर डोळेच मिटून घेतले. ती म्हणाली, "रेमिहिया मागसिनो, व्हायोलिन." मागसिनो हे आईचं आडनाव.

माएस्त्रोंचा हात वर गेलाच नाही. मांग इस्कोनं पायानं ठेका दिला, वाद्यं सुरू झाली, आणि रेमिहिया वाजवू लागली. तीन मिनिटं त्या कोंदट खोलीत तिच्या आणि वादकांच्या हातांशिवाय काही हललं नाही. सेल्सो रडत होता. कशासाठी, ते त्याचं त्यालाच माहीत.

जिन्यात माएस्त्रोंनी तिला गाठलं. "मेणं घेऊन जाणारं जहाज उद्या दुपारी सुटतंय. एजंटला सांगून हे मेण मोडायला लावतो. सकाळी सेल्सोच्या नावावर परत वाजव. रविवारी मी पाद्रींकडे येतो. बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव लिहून घेऊ. शब्द देतो तुला."

लहानपणापासून तिनं जे एकच मागणं मनात धरलं होतं, ते त्या जिन्यात तिच्यासमोर आलं.

"तबकडीच्या बदल्यात?" तिनं विचारलं.

ते जिन्याच्या पायऱ्यांकडे बघू लागले.

"राहू द्या, निनोंग. नाव आहे मला. आत्ताच सांगून आले."

नाटकगृह त्या दिवसापासून तिला बंद झालं. मायलेकी बोटीनं दुसऱ्या बेटावर, इलोइलोला गेल्या. तिथल्या एका लहान नाटक मंडळीनं तिला ठेवून घेतलं, पुढच्या खुर्चीवर. सात महिन्यांनी तबकडी आली. दुकानात ती लागली की लोक थांबतात, ऐकतात, आणि तबकडी संपायच्या आत शेजाऱ्याला कोपर मारून हळूच विचारतात, "मागसिनो म्हणजे कुणाची मुलगी ही?"

हा प्रश्न आपण तिला जन्मल्यापासून विचारत आलो आहोत. माएस्त्रो आजही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. ते कुणाचे वडील, हे एकदा तरी कुणी त्यांना विचारा.