भूस जाईल तिकडे ज्योत

टेकडीमागून ज्योत वर आली आणि मैदानातल्या पाचसहाशे माणसांच्या तोंडून एकच आवाज फुटला, “आली गो बाय, आली!” केशरी, गोल, ना आवाज ना धूर. मोबाइल वर झाले, म्हाताऱ्यांनी मातीत डोकी टेकली. ज्योत डुलत डुलत मावळतीकडे निघाली, बारीक झाली आणि दिसेनाशी झाली.

उजेडबाबांनी माईक ओढला. “निघाली सीमेवर! लढाई चालू आहे, टीव्हीवर पाहिलंत ना? वैमानिकांना आकाशात गोळे दिसले. सरकारला कळेना, शास्त्रज्ञांना कळेना. कळेल कसं? माझी ज्योत रडारवर दिसतच नाही, कारण रडार नास्तिक आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. रडार नास्तिक आहे हे ज्यांना पटतं, त्यांच्या गळी दुसरं काय उतरवता येणार नाही?

“आणि त्या वैमानिकांतला एक या गावचा, प्रणय! ही त्याची माता!” बाबांनी शेजारच्या खुर्चीकडे हात केला. खुर्चीत सरस्वती बसली होती, गळ्यात हातभर झेंडूची माळ.

खाली मातीत बसलेली गिरजा जळून कोळसा झाली. सरस्वती तिची थोरली जाऊ. दोघींना मुलगे झाले ते एकाच वर्षी. सरस्वतीचा प्रणय लढाऊ विमान उडवू लागला आणि गिरजाचा दिपेश टोकावड्याच्या ढाब्यावर पिठलं-भाकरीच्या ऑर्डरी घेऊ लागला. तेही तिनं गिळलं होतं. पण सरस्वतीच्या पोरानं फोनवर नुसतं म्हटलं, ‘आई, तो गोळा मलापण दिसला,’ तर ही लगेच जगाची माता? आता गावातल्या बायका हिच्या पाया पडणार आणि आमी चपला सांभाळायच्या!

मत्सराला झोप नसते. सरस्वती काय नेसली, कोण भेटायला आलं, सगळ्यावर गिरजाचा डोळा. म्हणून तर एक गोष्ट तिलाच दिसली. साखरेच्या आजारापायी सरस्वती रोज सकाळी ओट्यावर बसून पोटात सुई घ्यायची. आठ दिवस ती ओट्यावर आलीच नव्हती. बाबांनी बजावलं होतं, मातेच्या अंगात सुई गेली की ज्योतीला भोक पडतं आणि पोर उघडं पडतं.

खरं सांगायचं तर गिरजाला आधी बरंच वाटलं. येऊ दे जरा भोवळ, पडू दे खुर्चीवरून. पण नवव्या दिवशी सरस्वती मोरीत भडाभडा ओकली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायली तरी तिची तहान भागेना. गिरजा धावत मोरीपाशी गेली.

“वैनी, सुई घे गो.”

“तू जळतेस माझ्यावर,” सरस्वती भिंतीला टेकत म्हणाली. “माझ्या पोराचं वाईट झालं तर तुला हवंच हाय.”

त्यातलं अर्धं खरंच होतं.

ती तडक खळ्यावर गेली आणि रागारागानं भात उपणायला लागली. उपणणाऱ्या बाईला वारा कुणाला विचारावा लागत नाही. या दिवसांत सांजेचा वारा उगवतीच्या घाटावरून उतरतो, भूस मावळतीला उडतं. आज आभाळ आलं होतं. पहिलंच सूप ओतलं आणि सगळं भूस उलटं तिच्या तोंडावर आलं.

“मेला वारा फिरला!” तोंड पुसता पुसता ती थबकली. ज्योत रोज मावळतीला जाते. भूसपण रोज मावळतीला जातं. मग आज?

सूपभर भूस घेऊन ती मैदानात गेली, ती खुर्चीतल्या मलूल सरस्वतीला ओलांडून थेट माईकपुढे.

“बाबा, आज ज्योत कुठं जायाची?”

“सीमेवर, बाळ! मावळतीला!”

“नाय. आज ती घाटाकडं जाणार. घाटापल्याड, ओतूरला!”

तिनं सूप उंच केलं आणि भूस सोडलं. भूस बाबांच्या दाढीत शिरलं आणि उरलेलं घाटाकडे उडालं. तेवढ्यात टेकडीमागून ज्योत उठली. ज्योत डुलली, वळली आणि लोकांच्या डोक्यांवरून घाटाकडे निघाली.

“काय ओ बाबा,” कुणीतरी ओरडलं, “सीमा ओतूरला कधी सरकली?”

“युद्धनीती!” बाबा दाढी झटकत म्हणाले. “शत्रूला चकवायला वळसा घेतेय!”

वळसा फार लांबला नाही. वाऱ्यानं ज्योत फाडली आणि ती पेटती मैदानाकडेच्या धर्मा शेतकऱ्याच्या पेंढ्यावर पडली. धर्मा शिव्या घालत बादली घेऊन धावला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ज्योतीचं मढं होतं: पातळ कागदाची पिशवी, तोंडाशी तारेचं कडं, मध्ये मेणाचा अर्धा जळलेला बोळा. कल्याणच्या बाजारात दिवाळीला मिळतो तो उडता कंदील! बोळा पेटला की आतली हवा तापते, हलकी होते आणि कंदील वर जातो. मग वारा नेईल तिकडे. टेकडीमागं बाबांचे दोन चेले अशा कंदिलांचा खोका घेऊन पळताना सापडले.

लोक बाबांकडे धावले. सरस्वती मात्र खुर्चीतून हलली नाही. “मग माझ्या प्रणयला दिसला तो काय होता? तो तर कंदील नव्हता ना?”

गिरजानं तिथंच प्रणयला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

“काकी, तो काय होता ते आम्हालाच कळलं नाय,” प्रणय म्हणाला. “तिघांना दिसला. ‘ओळख पटली नाही’ अशी नोंद केली, तपास चालू हाय. पण ओळख पटली नाय म्हणून तो बाबाचा होत नाय. आई, ऐकतेस ना? मला ज्योत नाय सांभाळत. खाली विमानाचा एकेक बोल्ट तपासणारी माणसं हायत, ती सांभाळतात. तू आजारी पडलीस तर वर माझं चित्त थाऱ्यावर राहील का?”

सरस्वतीनं माळ काढली आणि उठायला गेली, तर पायच चालेनात. दिपेशनं ढाब्यावरची जीप आणली. टोकावड्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर चारशे ऐंशी. “अजून दोन दिवस थांबला असता तर बेशुद्ध पडल्या असत्या,” त्या म्हणाल्या.

सलाईन चालू झालं. सरस्वतीनं डोळे उघडले. “मी सुई सोडली, ते तुला कसं कळलं गो?”

“डोळा ठेवून होते तुझ्यावर. जळते मी, वैनी. अजूनपण जळते.”

“जळ,” सरस्वती तिचा हात धरून म्हणाली. “पण इथंच बस.”

गिरजाचं मन काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. पण प्रश्न विचारायला मन निर्मळ असावं लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे. आकाशात आपल्याला न कळलेलं अजून पुष्कळ आहे. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणावं, शोधत राहावं. आणि त्या न कळलेल्यावर जो कुणी स्वतःचं नाव लिहून तुमचं औषध बंद करायला सांगेल, त्याला भर मैदानात प्रश्न विचारावा.