आत्यासमोर बसायचं म्हणजे

एका जागी बसणं मला जमत नाही. शाळेत जमलं नाही, शाळा सोडली. कपड्यांच्या दुकानात गल्ल्यामागे जमलं नाही, मालकाशी भांडून घरी आले. आणि आत्याने स्टुडिओत नेमकं मलाच आणलं, का तर तिच्यासमोर गप्प बसायला.

आत्याच्या घशाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आत्या रोज सकाळी मंत्र म्हणत ध्यानाला बसते. ओम मणि पद्मे हूं. तेच ते, संथ, मी लहान असल्यापासून.

"उद्यानंतर मी कुणाच्या आवाजावर बसू?" ती म्हणाली.

"मोबाइलवर ढिगाने रेकॉर्डिंग पडलीयत की."

तिने ती ऐकून बघितली होती. एकात मागे समुद्र, एकात पक्षी, एकात बाई इतकी गोड म्हणते की आता साबण विकेल असं वाटतं. "मला झोपायचं नाहीय गं," आत्या म्हणाली, "बसायचंय." म्हणून तिचाच आवाज, तोही एका बैठकीत. मध्ये कापून जोडलेलं तिला चालणार नव्हतं.

रेकॉर्डिंगवाला दादा काचेपलीकडे. गळ्यात हेडफोन, मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. "पंखा बंद, एसी बंद, मोबाइल बंद," तो म्हणाला. मग माझ्याकडे बोट. "आणि ही?"

"ही बंद होत नाही," आत्या म्हणाली. "पण लागते. रिकाम्या खोलीत मला म्हणता येत नाही. भिंतीला काय ऐकवू?"

सुरू केलं. थोड्या वेळाने दादा ओरडला, "बोटं कोणी मोडली?"

मी मोडली होती. परत पहिल्यापासून. मग माझं स्टूल कुरकुरलं. परत. मग मी खरंच काही केलं नाही, दगडासारखी बसले, तर पोटात गुडगुडलं आणि तेही त्या मेल्याला ऐकू गेलं.

माझं डोकं सरकलं. "आता पोटाला पण बटण लावू का? स्वतःच्या मोज्याला भोक पडलंय ते बघा आधी!"

"भिंगरे, तोंड आवर," आत्या म्हणाली. पण ते शब्द असे आले, जशी खडीवरून फरफटत आणलेली बादली. तिघांनीही ऐकलं. दादाचा राग तिथेच विरला.

"ताई, आता एकदाच होईल. फार तर दोनदा," तो हळू म्हणाला. "हिला बाहेर पाठवा."

मी उठले.

दादाने मला त्याच्या खुर्चीमागे उभं केलं. "कशाला हात लावायचा नाही." आत्याने सुरू केलं. पडद्यावर हिरवी रेघ हलायला लागली आणि दादा खूश. "बघ, कसं स्वच्छ येतंय."

मी रेघ बघत नव्हते, आत्याला बघत होते. घरी ती हूं म्हटल्यावर थांबते. इतकी, की लहानपणी मी विचारायचे, "संपलं?" आज ती जागाच नव्हती. एक हूं संपतोय तोवर पुढचा ओम त्याच्या टाचेवर पाय देऊन उभा. डोळे उघडे, समोरच्या भिंतीवर. घाईघाईत शेवटची भांडी घासावीत तशी ती म्हणत होती.

म्हटलं, जाऊ दे. निम्मं तर झालंय. दार उघडलं तर हेही गेलं, आणि पुढच्याला आवाज उरेलच असं नाही. पण हे घेऊन ती रोज बसणार? रोज सकाळी कानात ही घाई?

मी दार उघडलं.

"अगं ए!" दादा मागून किंचाळला. आत्या थांबली. तिला चिडलेलं मी फारसं बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

"काय केलंस तू?"

"तू उरकतेयस," मी म्हणाले. "हे ऐकत बसणारेस रोज? मी तर दोन मिनिटांत उठेन."

"तू कशावरूनही दोन मिनिटांत उठतेस."

"हो. पण तू नाही ना उठत."

ती कोमट पाणी प्यायली. सावकाश, जसं काही आम्हाला दिवसभर दुसरं कामच नाही. मग म्हणाली, "चप्पल काढ."

"काय?"

"बसू नकोस. चाल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चालूनही ध्यान करतात."

"पावलं येतील ताई रेकॉर्डिंगमध्ये," स्पीकरमधून दादा.

"येऊ देत. मला बोलायला लावू नका."

मी चालायला लागले. आधी कोठडीतल्या चोरासारखी. मानेवरून घाम ओघळत होता, खांद्याला खाज सुटली होती, दार लाथेने उघडून पळावंसं वाटत होतं. तिने डोळे मिटले. ओम. आणि हूंनंतर ती जागा परत आली. त्या जागेत माझं पाऊल पडलं, थप. मी चवड्यांवर चालून बघितलं, पोटरीत गोळा आला, मग म्हटलं पडू दे पाय कसा पडतो तसा. शांतबिंत काही वाटलं नाही मला. पायांना काम मिळालं, एवढंच.

शेवटाकडे तिचा आवाज घासायला लागला. एकदा तर 'मे' आलाच नाही, नुसती हवा. मी थांबले. तिने डोळे न उघडता बोटं हलवली, चाल. मी चालले. आवाज आला. फाटका, पण आला.

संपल्यावर दादाने आम्हाला काचेपलीकडे बोलावलं. मग थोडं लावून दाखवलं. "हा फाटलेला भाग जरा मऊ करतो. आणि हिची पावलं दाबून टाकतो."

आत्याने त्याचा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. त्याच्याच खुर्चीत बसली, हेडफोन कानाला लावले, पाठ ताठ, डोळे बंद.

मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. सुरुवातीला सवयीने ओठ हलत राहिले. मग थांबले. मग खांदे खाली आले. बसली ती.

दादाने घड्याळ बघितलं. "पुढची पार्टी दारात आलीय. उठवू का?"

"हात तर लावून बघा," मी म्हणाले.