काकूंच्या तीन ओळी

मी एक जुनी पाटी आहे. खरीखुरी दगडाची, मित्रांनो, लाकडी चौकटीची. चौकटीचा एक कोपरा निखळला आहे, तिथे तार गुंडाळली आहे. माझ्यावर आज पाच ओळी आहेत, तीन वर आणि दोन खाली. त्या पुसायला कुणाचा हात धजत नाही. ही गोष्ट त्या ओळींचीच आहे, माझी अशी वेगळी गोष्ट फारशी नाही.

खाणीतून मला काढलं, कापलं, घासून गुळगुळीत केलं. माझ्याबरोबरच्या पाट्या शाळेत गेल्या, मी गेले चष्म्याच्या दुकानात. काम काय, तर दाराला लटकायचं. "जेवायला गेलो आहे. लगेच येतो." एवढंच माझ्यावर लिहिलेलं असायचं आणि तेही अर्धं खोटं, कारण जेवण झाल्यावर काका हमखास डुलकी काढत. काका म्हणजे चष्मेवाले. दिवसभर चाकावर भिंगं घासायची आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचं, हा त्यांचा उद्योग. काकू शेजारच्या स्टुलावर बसून चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू पिळत आणि काम नसलं की वाचत.

एकदा काकूंनी वाचनालयातून जपानी कवितांचं पुस्तक आणलं. फार जुन्या, दरबारी माणसांनी एकमेकांना पाठवलेल्या कविता, कुणीतरी आपल्या भाषेत आणलेल्या. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून त्या काकांना वाचून दाखवू लागल्या.

"एवढीशी कविता? सुरू व्हायच्या आत संपली की!" काका म्हणाले.

"अहो, संपत नाही. ज्याला पाठवली त्याने उत्तर द्यायचं असतं. पुढे तर त्यांनी खेळच केला त्याचा. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन जोडायच्या. मग त्या दोन ओळींना पहिल्याने पुन्हा तीन. चालूच राहतं."

"आणि उत्तर दिलंच नाही तर?"

"तर बसायचं वाट बघत," काकू हसून म्हणाल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

धुकं दाटलं,
समोरचा रस्ता
कुठे रे गेला?

काकांनी पेन्सिल घेतली आणि खाली खरडलं:

नंबर वाढलाय.
उद्या दुकानात ये.

काकू इतक्या हसल्या की हातातला स्क्रू कुठे उडाला तो पुढे सापडलाच नाही. तेव्हापासून मी नुसती दाराची पाटी राहिले नाही. अक्षरं मोजायची नाहीत, ही काकूंनी दिलेली सूट. उत्तर येईपर्यंत पुसायचं नाही आणि उत्तर आल्यावर वरच्या ओळी पुसून टाकायच्या, हा त्यांचा नियम. तोंडाने काकू काकांना जन्मभर "अहो" म्हणाल्या. माझ्यावर लिहिताना मात्र त्यांना खुशाल "अरे तुरे" करायच्या.

वर्षं गेली. दरबार मागे पडला. पाठीवर बोचकं टाकून पायी फिरणाऱ्या कवींची पुस्तकं आली. मग आल्या आजच्या काळातल्या कादंबऱ्या. त्यांत माणसं चहा पितात, गप्प बसतात, आणि पान उलटावं तर कुणाचं तरी आयुष्य मोडलेलं असतं. "यात काही घडतच नाही," अशी काकांची कुरकुर असे. पण वाईट प्रसंग आला की चाक आपोआप थांबायचं. काकू तिकडे न बघता वाचत राहायच्या. दाराला दिव्यांचा बोर्ड लागला, माझं तिथलं काम गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. डोळे तपासायला येणारी माणसं आधी मला वाचत आणि मग काकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत. मी मनातून फुलून जायची.

मग काकू आजारी पडल्या. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. आता वाचून दाखवायची पाळी काकांवर आली. बोटीवर काम करणाऱ्या एका माणसाची कादंबरी होती. तो बायकोला "येतोच" म्हणून निघतो आणि वर्षानुवर्षं येत नाही. ती अर्ध्यावर आली असताना काकूंनी मला मागून घेतलं आणि वाकड्या अक्षरात लिहिलं:

अर्ध्यावर पुस्तक,
डोळे जड झाले रे,
पुढे काय झालं?

काकांनी वाचलं आणि मला भिंतीला टांगलं. उत्तर लिहिलं नाही. पुस्तकही पुढे वाचलं नाही.

"अहो, सुचलं का?" काकू रोज विचारत.

"सुचेल. घाई काय आहे?" काका म्हणत.

आईच्या सेवेला आलेल्या लेकीला राहवेना. "बाबा, दोन ओळी तर लिहायच्यात. आणि वाचायचं का थांबवलंत? तिचा जीव अडकलाय त्या गोष्टीत."

काका आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणूनच गं. उत्तर येईपर्यंत तिला वाट बघावी लागेल. नियम तिचाच आहे. गोष्ट संपली, उत्तर मिळालं, की निघालीच ती."

मित्रांनो, मी दगड. पण त्या दिवसांत मला ओरडावंसं वाटायचं, काका, लिहा हो! आणि वाटायचं, न जाणो, खरंच थांबतील काकू.

काकू थांबल्या नाहीत. एका दुपारी काका समोर औषध आणायला गेले होते, तेवढ्यात त्या गेल्या. गोष्टीचा शेवट न ऐकताच गेल्या.

पुढे काही दिवसांनी अंथरूण आवरताना लेक म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलंय. आई शेवटी म्हणाली, त्यांना म्हणावं, नाही सुचलं तरी चालेल. मीच फार अवघड विचारलं."

काकांनी हातातली चादर खाली ठेवली. "म्हणजे तिला वाटलं, मला सुचत नाहीये?"

लेकीने मान डोलावली. काका ओक्साबोक्शी रडले. गिऱ्हाइकावर खेकसणारा तो आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. मला काकूंच्या स्टुलावर ठेवलं, पुस्तक काढलं आणि राहिलेली अर्धी कादंबरी मोठ्याने वाचली, चाक बंद असूनही आवाज चढवून. शेवटचं पान झालं तेव्हा पेन्सिल घेऊन त्यांनी काकूंच्या ओळींखाली लिहिलं:

तो घरी आला.
दिवा कुणी लावला नव्हता.

नियमाने आता वरच्या तीन ओळी पुसायच्या. काकांनी ओला फडका घेतला, बराच वेळ हातात धरला आणि ठेवून दिला.

माझ्यासारख्या वस्तूने शेवटी "मला जपा" असं म्हणायचं असतं. मला नाही जपलंत तरी चालेल. पण घरात कुणी तुम्हाला "पुढे काय झालं?" असं विचारत असेल, तर सांगून टाका. वेडंवाकडं सांगा, अर्धवट सांगा. "नंबर वाढलाय" एवढंच सांगा. काकू त्यावरही हसल्या होत्या.

मी आता भिंतीवर असते. पेन्सिल काकूंच्या स्टुलावर असते, कारण पाळी त्यांची आहे. काका भिंगं घासतात. मधेच चाक थांबवतात, स्टुलाकडे बघतात आणि विचारतात, "काय गं, सुचलं का?"

जरा वेळ थांबतात. मग स्वतःच म्हणतात, "सुचेल. घाई काय आहे?" आणि चाक पुन्हा सुरू करतात.