मर्जी कोणाची?

रंगूबाई चुलीपुढे नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. महिपती गवत कापायला गेला होता. दोघं महाडला ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागली, गावदेवीला नारळ देईनाशी झाली, तेव्हापासून गावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. विहीर बंद, दुकान बंद, बोलणंही बंद. महिपती हसून म्हणायचा, "सगळ्यावर सत्ता देवाची गो. गावकीची कवापासून झाली?"

तो हातात विळा घेऊनच परतला. "नाग डसला गो," म्हणाला आणि ओटीवर बसला. त्याच्या पापण्या जड होत होत्या.

रंगूबाई हर्षदच्या दारात धावली. गावात जीप त्याचीच, आणि तो महिपतीचा सख्खा पुतण्या.

"काकाला नाग डसलाय रे! पोलादपूरला ने!"

हर्षदनं चावी उचललीही. तेवढ्यात गावकीचा म्होरक्या सहदेव अंगणात आला. "वाळीतल्याला गाडीत घेतलंस तर तुझं घरही वाळीत. त्यांचा देव मोठा हाय ना? तो नेईल."

हर्षदनं आपल्या पोरांकडे पाहिलं आणि चावी पुन्हा खुंटीला अडकवली.

रंगूबाईनं नवऱ्याला पाठीवर घेतलं. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला. पण दवाखाना येण्याआधीच महिपती गेला.

स्मशानात जागा मिळाली नाही. त्याच्याच शेतात खड्डा खणला. महाडच्या चर्चमधून आलेले पाळक तिला धीर देत म्हणाले, "बाई, सगळं देवाच्याच इच्छेनं होतं."

बांधावरून सहदेवनंही मान हलवली. "खरं हाय. देवाची मर्जी, वैनी. आता तरी देवळात ये, नाक घास. विहीर मोकळी करतो."

रंगूबाई उठली. पदराला माती तशीच होती.

"देव सगळ्याचा मालक हाय, ते मी मानते. म्हणून तर सांगते, तुमचं पाप त्याच्या माथी मारू नका. जीप दारात व्हती. नको म्हणालास तू, सहदेव. नाक मी नाय घासायची."

पाळकांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात उभी राहिली. जमादार वैतागला. "वाळीत टाकलं, याला कलम कुठलं लावू? माणूस नागानं मारला ना?"

"चावला नाग. मारला गावानं. तसंच लिवा."

जमादारानं पेन उचललं नाही. रंगूबाई समोरच्या बाकावर बसली. "लिवस्तवर मी हितनं हलायची नाय," ती म्हणाली.